तोंडी सांगितल्यास गुण द्यावेत

सिस्टर, तुमची पाने हरवली नव्हती.

विभाग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवला तेव्हा ती कुठेतरी गहाळ झाली असावीत, असे मी तुम्हाला सांगितले होते. ते खोटे होते. ती माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, एका पिवळ्या फायलीत होती. आज ती माझ्यासमोर टेबलावर आहेत. ताप-नाडीच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही निळ्या शाईने लिहिलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वॉर्ड, खाट आणि वेळ, आणि विद्यार्थिनीच्या नावाऐवजी मी दिलेला क्रमांक. नावे नकोत, हा आग्रह तुमचाच होता. नाव लिहिले की पानाची चुगली होते, असे तुम्ही म्हणाला होतात.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. मला अजून रडू आलेले नाही. मी वेळेवर जेवतो, वर्गात हजेरी घेतो, पेपर तपासतो. परवा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, सर, तुम्हाला बरे नाही का. मी खोलीत येऊन थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग तो पुसून पुन्हा जागेवर ठेवला आणि पुढच्या तासाला गेलो.

कॉलेजच्या फलकावर तुमच्या सेवेची वर्षे, पदे आणि पुरस्कार लिहिलेले आहेत. ते मी वाचले. त्यात तुम्ही मला कुठे दिसला नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून नुकताच लागलो होतो. पांढरा कोट पाहून नातेवाईक मला डॉक्टर समजत, आणि मी त्यांची समजूत दुरुस्त करत नसे. तुम्ही ते दोनदा ऐकलेत. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मालेगावच्या एका विणकराच्या खाटेपाशी नेलेत. मागात सापडून त्याची दोन बोटे गेली होती आणि तो चार दिवस कोणाशी बोलत नव्हता. त्याचे अंग पुसायचे होते. तुम्ही गरम पाण्याचे भांडे ठेवलेत, त्याला सांगितलेत की हा ब्रदर तुमची पाठ पुसणार आहे, चालेल का, आणि थांबलात. तो भिंतीकडे पाहत राहिला. मी कापड पिळून पुढे झालो, तर तुम्ही माझे मनगट धरलेत. पाणी गार झाले. तुम्ही मला दुसरे आणायला पाठवलेत. तेही गार झाले. तिसऱ्या वेळी तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "हां, करो."

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो की एका पाठीसाठी पाऊण तास गेला. तुम्ही म्हणालात, "पाठ त्याची हाय ना, ब्रदर."

पुढे मी शिकलो, पदव्युत्तर झालो, शिकवायला लागलो. तुम्हीही वॉर्डातून कॉलेजात क्लिनिकल शिक्षिका म्हणून आलात. ब्रदरचा मी सर झालो. तुम्ही मला सर म्हणू लागलात तेव्हा मला संकोच वाटला होता. मग सवय झाली. माणसाला फार लवकर सवय होते, हे मी स्वतःबद्दल शिकलो आहे.

सात वर्षांपूर्वी स्किल लॅब सुरू झाली. मोठ्या खोक्यातून ती डमी निघाली. छाती वरखाली होणारी, नाडी लागणारी, नको तितकी गोरी. मुलींनी पहिल्याच दिवशी तिचे नाव गोरे काका ठेवले. तुम्ही रोज सकाळी लॅब उघडताना काकांना विचारत असा, झोप लागली का, आणि संध्याकाळी त्यांच्या अंगावर चादर ओढत असा. कार्यालयातले एक गृहस्थ हसले. प्लास्टिकला कसली लाज, असे काहीसे म्हणाले. तुम्ही त्यांना शांतपणे विचारलेत की हे माणूस नसेल तर पोरींना याला माणूस समजा असे कशाला सांगता. ते हातातला कागद घेऊन निघून गेले. मी फक्त तिथे नव्हतो असे दाखवले.

मागाहून कॉलेजात असा समज पसरला की गांगुर्डे सिस्टरांना नवे तंत्र नको आहे, त्या जुन्या वळणाच्या आहेत. तो समज मी पसरवला नाही. पण तो खोडलाही नाही, कारण तो मला सोयीचा होता. खरे तर त्या लॅबमध्ये तुमच्याइतके मन लावून कोणी शिकवले नाही. पोरीने पहिली सुई माणसाच्या दंडात का टोचायची, आधी काकांच्या दंडात टोचू दे, असे तुम्हीच म्हणत होतात. तुमचा आक्षेप डमीवर कधीच नव्हता. तुमचा आक्षेप एका ओळीवर होता, आणि ती ओळ माझी होती.

लॅब सुरू झाली तेव्हा बेसिन बसले होते, पण नळाला पाणी नव्हते. जोडणी व्हायला पुढे अडीच महिने लागले. तोवर थांबायला मला वेळ नव्हता. लॅबमधले शिक्षण किती परिणामकारक ठरते, हा माझ्या पीएचडीचा विषय होता आणि तुकड्या ठरल्या होत्या. अर्ध्या मुलींनी गोरे काकांवर सराव करायचा, अर्ध्या मुलींनी जुन्या पद्धतीने, प्रात्यक्षिक बघून आणि वॉर्डात तुमच्या हाताखाली शिकायचे. शेवटी जखमेचे ड्रेसिंग करण्याची परीक्षा. तिच्यासाठी मी चेकलिस्ट तयार केली. पहिली पायरी, हात धुणे. पाणी नव्हते म्हणून मी कंसात लिहिले: तोंडी सांगितल्यास गुण द्यावेत.

मुली बेसिनसमोर उभ्या राहून म्हणत, हात धुतले. आम्ही खूण करत असू. मग त्या बेसिनसमोर उभ्या राहीनाशा झाल्या. दारातून आत येता येताच म्हणू लागल्या, हात धुतले. आम्ही तेव्हाही खूण करत होतो.

पाणी आले त्या दिवशी तुम्ही माझ्या खोलीत आलात आणि म्हणालात की आता ती ओळ खोडा. मी म्हणालो, अभ्यास अर्ध्यावर आहे, मोजण्याचे साधन मध्येच बदलता येत नाही, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या मुलींची तुलना कशी करायची. हे बरोबरच होते. संशोधनाच्या कोणत्याही पुस्तकात हेच सापडेल. तुम्ही ऐकून घेतलेत आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. एक मुलगी ट्रे घेऊन आत आली, पडद्यामागच्या खाटेजवळ गेली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "हात धुतले."

चादरीखालून आवाज आला, "कधी?"

तिच्या हातातला ट्रे खाली पडला. गोरे काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलेले होते आणि त्यांच्या जागी तुम्ही आडव्या झाल्या होतात. बाहेर रांगेतल्या मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबला. ट्रे पाडणारी मुलगीही शेवटी हसली. तुम्ही उठून बसलात, केस नीट केलेत आणि तिला म्हणालात की घाबरू नको, पेशंट असाच मधेच बोलतो, काकांसारखा गप्प पडून राहत नाही.

मी हसलो नाही. मुली गेल्यावर मी तुम्हाला सांगितले की परीक्षेची शिस्त तुम्ही मोडलीत आणि वयाला हे शोभत नाही. तुमच्या वयाचा उल्लेख मी का केला, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही चादरीची घडी घालत होतात. म्हणालात, "शिस्त मी मोडली, कबूल. पण सर, ती पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटतं, म्हणलं की झालं."

हा वाद आपण पुढे कितीदा सुरू केला आणि कितीदा अर्धवट सोडला. कधी घंटा झाली म्हणून, कधी चहा आला म्हणून, आणि बहुतेक वेळा मी घड्याळ बघितले म्हणून.

परीक्षेचा निकाल मला हवा तसा आला. लॅबमधल्या मुलींनी दुसऱ्या तुकडीला फार मागे टाकले. मी आकडे तुमच्यासमोर ठेवले तेव्हा तुम्ही कागद चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचलात. मग म्हणालात, "घरात शिजवलं आणि घरातच चाखलं. पंगतीला वाढल्याशिवाय कळायचं नाय, सर."

काकांवर शिकलेल्यांची परीक्षा काकांवरच घेतली, तर त्या पुढे जाणारच, एवढेच तुम्हाला म्हणायचे होते. दीड महिना जाऊ द्या, मग याच मुलींना वॉर्डात खऱ्या पेशंटचे ड्रेसिंग करताना बघू, असे तुम्ही सुचवलेत. कोणती मुलगी कोणत्या तुकडीतली हे मला सांगू नका, असेही तुम्हीच म्हणालात. संशोधनाच्या भाषेत त्याला जे नाव आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हते. पण माझ्या मार्गदर्शकांनाही न सुचलेली सर्वांत प्रामाणिक सूचना ती होती. मी होकार दिला. तो होकार मनापासून होता, सिस्टर, हे मला आज तुम्हाला सांगावेसे वाटते. तोपर्यंत मी खोटा नव्हतो.

तुम्ही स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात खिडकीजवळ घडीचे स्टूल टाकून बसू लागलात. स्वतःचे काम संपवून, चहाची वेळ सोडून. मुलींना वाटे, सिस्टर जुने तक्ते निकालात काढताहेत. एकदा मी आलो होतो. सुरगाण्याकडची एक म्हातारी, पायाला मोठी जखम असलेली, तुम्हाला जवळ बोलावून विचारत होती की ही पोर हात लावायच्या आधी कोणता मंतर पुटपुटते. तुम्ही तिला विचारलेत, कसला मंतर. म्हातारीने मुलीची हुबेहूब नक्कल केली. मान किंचित खाली, ओठ जेमतेम हलणारे. तुम्ही हसलात आणि म्हणालात की मंतरच आहे, आमच्या कॉलेजातला. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. तुमच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला पुढचे सोपे गेले असते.

ती पाने तुम्ही मला दिलीत तेव्हा मी क्रमांक जुळवून पाहिले. लॅबमधल्या मुलींचे हात सराईत होते. ट्रे नीट मांडलेला, चिमट्याची पकड बरोबर, हात थरथरत नाहीत, पेशंटला कमी दुखते. हे सगळे तुम्ही लिहिले होते, कुठेही हात न राखता. पण पहिल्या पायरीसमोर पानामागून पान तेच: म्हणाली, धुतले नाहीत. म्हणाली, धुतले नाहीत. दुसऱ्या तुकडीतल्याही काही मुली हात धुवायला विसरल्या होत्या. पण ज्या विसरल्या त्या गप्प राहून विसरल्या. न धुता धुतले असे म्हणणाऱ्या फक्त आमच्या लॅबमध्ये तयार झाल्या होत्या.

मी म्हणालो, म्हणजे लॅबचे शिक्षण फसले. तुम्ही मान हलवलीत. "फसलं कुठं? लय चांगलं लागू पडलं. आपण जे शिकवलं तेच शिकल्या पोरी."

त्या वाक्यात माझ्या सगळ्या प्रबंधाचे सार होते, आणि मी ते प्रबंधात घेतले नाही.

मी स्वतःला कारणे दिली. निरीक्षण एकाच व्यक्तीने केले होते, पडताळायला दुसरी कोणी नव्हती. प्रत्येक जखम वेगळी, प्रत्येक खाट वेगळी. मूळ आराखड्यात वॉर्डातला भाग नव्हता. हे सगळे आक्षेप खरे होते, आणि ते नोंदवूनही पाने जोडता आली असती. पण जोडली असती तर वाचणाऱ्याने विचारले असते, या मुली असे का करू लागल्या, आणि उत्तर माझ्या चेकलिस्टच्या पहिल्या ओळीत माझ्याच शब्दांत होते. दोष डमीचा नव्हता, मुलींचा नव्हता. अडीच महिने धीर न धरणाऱ्या एका माणसाचा होता, आणि पाणी आल्यानंतरही ओळ न खोडणाऱ्या त्याच माणसाचा.

तुम्ही महिन्याने विचारलेत, "माझी पानं कुठं लावली, सर?"

मी म्हणालो, शिफ्टिंगमध्ये कुठेतरी गेली असावीत. सापडत नाहीत.

तुम्ही म्हणालात, असू द्या, मी पुन्हा बसते वॉर्डात, दुसरी लिहिते. मी म्हणालो, आता वेळ नाही, प्रबंध सादर करायचा आहे. यावर तुम्ही जे म्हणालात ते मी रोज ऐकतो. "बरं. तुम्ही आधी डॉक्टर व्हा. मग बघू."

मी डॉक्टर झालो. पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही सगळ्या वर्गांत जाऊन मुलींना बजावलेत की आजपासून डॉक्टर सर म्हणायचे. कधीकाळी वॉर्डात मी लोकांना माझ्याबद्दल चुकीचे समजू देत असे, ते तुम्हाला आठवत होते की नव्हते, मला माहीत नाही. तुम्ही पेढा माझ्या हातावर ठेवलात तेव्हा मी नमस्कार केला, आणि माझी नजर तुमच्या पावलांवरच राहिली. तुम्ही तो आदर समजलात. निदान तसे दाखवलेत.

पुढची वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखे काही मी केले नाही. तुम्ही निवृत्त झालात. माझी चेकलिस्ट संस्थेच्या मालेगावच्या कॉलेजात गेली, मग घोटीच्या. तुमच्या स्वतःच्या गावात, सिस्टर. कंसातली ओळ तिच्याबरोबर गेली, कारण तीच चेकलिस्ट अभ्यासातून सिद्ध झालेली होती. तिन्ही ठिकाणी नळांना पाणी आहे. आणि या वर्षी संस्थेत असे घाटू लागले की लॅबचे शिक्षण वॉर्डापेक्षा सरस ठरले आहे, तर पहिल्या वर्षाच्या मुलींचे वॉर्डातले आठवडे कमी करून ते लॅबला द्यावेत. आधार म्हणून माझा प्रबंध जोडला होता. प्रस्तावावर विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती.

हे तुम्हाला कोणी सांगितले, मला कळले नाही. मी तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुमच्या पोटाचे ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी मीनलला जे सांगायचे ते सांगितले होते. तुमची ती एकुलती मुलगी बाहेरच्या बाकावर रिपोर्ट चाळत होती. तिने मला आत पाठवले. तुम्ही खूप लहान दिसत होतात. माझ्या गुडघेदुखीची चौकशी केलीत.

तेवढ्यात ड्रेसिंग करायला एक तरुण नर्स आली. आपलीच विद्यार्थिनी. तिने दोघांना नमस्कार केला, ट्रॉली लावली, हातमोजे उघडले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "हात धुतलेत."

तिच्या ते लक्षातही आले नसेल. खोलीत बेसिन होते. दारातून खाटेपर्यंत येताना ती त्याच्या शेजारूनच आली होती.

तुम्ही तिला जवळ बोलावलेत. म्हणालात, "बाळा, मला दिसतील असे धू. मला बघायला आवडतं."

ती लाल झाली. बेसिनपाशी गेली आणि तुम्ही शिकवले होते तसे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत हात धुतले. पाण्याचा आवाज मला फार मोठा वाटला. मग तिने ड्रेसिंग केले. अतिशय सुरेख केले, सिस्टर. तुम्हीही तिला तसे म्हणालात.

ती गेल्यावर तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "तिचा दोष नाय, सर."

मी हो म्हणालो.

तुम्ही थोडा दम घेतलात. म्हणालात की पोरींचे वॉर्डातले आठवडे कमी होऊ देऊ नका, तुमचे ऐकतील, तुम्ही संस्थेच्या सचिवांशी बोला. मग म्हणालात, माझी पाने असती तर दाखवता आली असती. हे बोलताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात, खिडकीकडे पाहत होतात. तुम्हाला ठाऊक होते का? मी या एका प्रश्नाशी चौदा दिवस बसलो आहे. ठाऊक असेल तर तुम्ही मला दार उघडून दिले होते. ठाऊक नसेल तर तुम्ही इतकी वर्षे एका चोरावर विश्वास ठेवला. यातले काय मला अधिक सोसवेल, तेही ठरत नाही.

खोलीत दुसरे कोणी नव्हते. बोलायला एक मिनिट पुरले असते. मी म्हणालो, "बघतो."

तुमच्याशी मी बोललेला तो शेवटचा शब्द आहे. मालेगावच्या विणकरासाठी तुम्ही दोनदा पाणी गार होऊ दिलेत. माझ्यासाठीही तुम्ही थांबला होतात, असे आता वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी मीनलचा फोन आला. मी ऐकले, हो म्हणालो, फोन ठेवला आणि दाढी पूर्ण केली. स्मशानात मी लोकांना पाणी दिले. कोणाला पाणी दिले आणि कोणाला नाही, एवढेच मला आठवते.

आता तुमच्या दशक्रियेचे सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवे. घोटीला, दारणेच्या काठावर विधी झाला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माइक लावला होता. आधी प्रवचन झाले, मग श्रद्धांजलीची भाषणे. तुमच्या भावकीतले लोक, गावचे कारभारी, तुमच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी नर्स, काही जणी रात्रपाळी करून थेट आलेल्या. संस्थेचे सचिव पहिल्या रांगेत होते. ते चांगले बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. शेवटी त्यांनी जाहीर केले की पहिल्या वर्षाचे अधिकाधिक शिक्षण आता लॅबमध्ये होईल, त्यासाठी लॅब वाढवू आणि तिला सिस्टरांचे नाव देऊ. बायकांमध्ये हलकी कुजबुज झाली. मीनलने हात जोडले.

मी खालच्या मानेने ऐकत होतो. ज्या गोष्टीला तुम्ही शेवटच्या श्वासांतून नाही म्हणालात, तिच्या दारावर तुमचे नाव लागणार होते, आणि ते थांबवू शकेल असे त्या काठावर एकच माणूस होता. मी गप्प राहिलो असतो तर माझी पदवी, माझी खुर्ची, लोकांच्या मनातला मी, सगळे जागच्या जागी राहिले असते.

सूत्रसंचालकाने पुकारले, आता कॉलेजतर्फे डॉक्टर सर दोन शब्द बोलतील. माझ्या खिशात लिहून आणलेला कागद होता. त्यात तुमच्या सेवाभावाविषयी चार परिच्छेद होते. तो मी काढला नाही.

मी हळू बोलतो, हे तुम्हाला माहीत आहे. मागून कोणीतरी म्हणाले, सर, जरा मोठ्यानं. मी माइक जवळ घेतला. आधी मी सचिवांना नाव घेऊन विनंती केली की तो प्रस्ताव थांबवावा, कारण ज्या अभ्यासावर तो उभा आहे तो अपुरा आहे, आणि तो अपुरा मी ठेवला आहे. मग नळाचे सांगितले. कंसातल्या ओळीचे सांगितले. तुम्ही वॉर्डात स्टूल टाकून काय पाहिलेत ते सांगितले, आणि ती पाने सोमवारी मी कार्यालयात देईन, प्रबंधाचे जे व्हायचे ते विद्यापीठाला पत्र लिहून होऊ देईन, असे म्हणालो. सचिव माझ्याकडे पाहत राहिले. नर्सच्या रांगेत एक मुलगी आपल्या तळहातांकडे पाहत होती. मी तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना सांगितले की ही सवय तुमची नाही, मी लावलेली आहे.

मग मी तुमच्या फोटोकडे वळलो. माझा आवाज कापत नव्हता. अजूनही आत काही हलत नव्हते. पण शब्द बाहेर आले, आणि ते सर्वांनी ऐकले.

"सिस्टर, तुम्ही खरे लिहिले आणि मी ते दाबून ठेवले. तुम्ही विचारलेत तेव्हा तुमच्या तोंडावर खोटे बोललो. लोक तुम्हाला जुन्या वळणाच्या म्हणाले तेव्हा मी गप्प बसलो, आणि तुमच्या खाटेशी उभा होतो तेव्हाही गप्पच राहिलो. माझे चुकले. मला माफ करा."